परक्या गावातला इंग्रजीचा शिक्षक

(संस्थेच्या वार्षिक विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात दिलेले भाषण)



संस्थेने मला या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची संधी दिली, याबद्दल मी कार्यकारिणीचा मनःपूर्वक आभारी आहे. मी काही नामवंत वक्ता नाही. मी कलाशाखेचा पदवीधर, पोटासाठी बँकेत कारकुनी करणारा आणि वाचनाची आवड असलेला एक साधा सभासद आहे. मला दिलेला विषय आहे 'परदेशात इंग्रजीचा शिक्षक म्हणून स्थिरावणे'.

गेल्या काही वर्षांत आमच्या बँकेत शैक्षणिक कर्जाचे आणि परकीय चलनाचे अर्ज घेऊन येणारी मुले-मुली पुष्कळ वाढली आहेत. त्यांत आपल्या वस्त्यांमधली मुलेही आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परदेशी जाण्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, "तिकडे पगार किती मिळतो?" प्रश्न योग्यच आहे. मी स्वतः पैशाच्या व्यवहारातला माणूस, मी तो प्रश्न गैर कसा म्हणू? परंतु त्याच्याइतकाच महत्त्वाचा दुसरा एक प्रश्न आहे आणि तो सहसा कोणी विचारत नाही. दुपारी साडेचारला शाळा सुटली, आपण खोलीवर आलो, दार लावले. मग पुढे काय? जिथे आपली भाषा कोणाला येत नाही, आपले नाव नीट उच्चारता येत नाही, अशा गावात संध्याकाळचे सात ते दहा हे तीन तास कसे काढायचे?

मित्रहो, नेमणुकीच्या पत्राने माणूस परदेशात पोहोचतो. पण तो तिथे रुजतो की उपरा राहतो, हे त्याच्या रिकाम्या वेळावर ठरते. आज मला जे सांगायचे आहे ते एवढेच. त्यासाठी मी जपानचे उदाहरण घेतले आहे, कारण परदेशी माणसाने येऊन इंग्रजी शिकवण्याचा तिथला इतिहास जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचा आहे आणि तो चांगला नोंदलेला आहे.

या इतिहासाच्या आरंभी जो माणूस उभा आहे, त्याच्याबद्दल मला थोडी आपुलकी आहे. कारण तो माझ्यासारखाच बँकेतला कारकून होता! रॅनल्ड मॅकडॉनल्ड हे त्याचे नाव. १८२४ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर त्याचा जन्म झाला. वडील स्कॉटिश, एका व्यापारी कंपनीतले अधिकारी, आई चिनूक या आदिवासी जमातीच्या प्रमुखाची मुलगी. वडिलांनी मुलाला कॅनडात एका बँकेत काम शिकायला ठेवले. पण मिश्र रक्ताच्या त्या तरुणाला गोऱ्यांच्या त्या समाजात आपली जागा दिसेना, आणि हिशेबाच्या वह्यांतही जीव रमेना. नोकरी सोडून तो जहाजावर खलाशी झाला.

त्या काळी जपानने परदेशी लोकांना दारे बंद केली होती. परवानगीशिवाय किनाऱ्यावर उतरणे हा गुन्हा होता. हे ठाऊक असूनही १८४८ साली मॅकडॉनल्ड एका लहान होडीतून उत्तर जपानच्या बेटांवर उतरला. तिथल्या ऐनू लोकांनी त्याला आसरा दिला. पुढे सरकारने त्याला कैदी म्हणून दक्षिणेकडे नागासाकीला नेले आणि पहाऱ्यात ठेवले. नागासाकीत डच भाषा जाणणारे सरकारी दुभाषे होते, पण इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाकडून ती शिकण्याची संधी त्यांना मिळालेली नव्हती. त्यांच्यापैकी चौदा जणांना या कैद्याने इंग्रजी शिकवली. जपानी माणसाला 'र' आणि 'ल' यांतला फरक आजही अवघड जातो. तेव्हापासून या शिक्षकांची पहिली लढाई त्या दोन अक्षरांशी चालू आहे.

आता या माणसाचा 'रिकामा वेळ' पहा. तो तर चोवीस तास कोठडीतच होता. बाहेर फिरण्याची मुभा नाही. पण शिष्य जसे त्याच्याकडून इंग्रजी शब्द शिकत, तसा तो त्यांच्याकडून जपानी शब्द शिके आणि लिहून ठेवी. शिकवता शिकवता शिकत गेला, म्हणून कोठडीतही त्याचे मन मरून गेले नाही. १८४९ च्या एप्रिलमध्ये एका अमेरिकन युद्धनौकेने त्याची सुटका केली. त्याचा एक शिष्य मोरियामा एइनोसुके हा पुढे १८५४ मध्ये अमेरिकन नौदल अधिकारी पेरी याच्याबरोबर झालेल्या वाटाघाटींत दुभाषा होता. म्हणजे जपानची दारे उघडण्याच्या बोलण्यात एका कैद्याने शिकवलेली इंग्रजी कामी आली. बँकेतच राहिला असता तर आज त्याचे नाव कोणाला ठाऊक असते? अर्थात, म्हणून आमच्या शाखेतल्या सर्वांनी राजीनामे द्यावेत, असे मी सुचवत नाही.

दुसरे उदाहरण लाफ्काडिओ हर्न यांचे. वडील आयरिश, आई ग्रीक, जन्म १८५०. सोळाव्या वर्षी अपघातात एक डोळा गेला, लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपल्यासारखे झाले, अमेरिकेत गरिबीत दिवस काढले आणि पत्रकारिता केली. १८९० साली ते जपानला गेले ते एका मासिकासाठी लिहायला. ते काम लगेचच तुटले. मग पोटासाठी मात्सुए नावाच्या एका लहान गावात माध्यमिक शाळेत इंग्रजीच्या शिक्षकाची नोकरी धरली. महिना शंभर येन पगार, जो त्या काळच्या त्या गावात फार मोठा होता.

मात्सुएच्या कडक थंडीत ते आजारी पडले. घरकामासाठी आणि देखभालीसाठी कोइझुमी सेत्सु नावाची एक तरुणी आली. ती जुन्या सामुराई घराण्यातली, पण नव्या राजवटीत ते घराणे निर्धन झाले होते. दोघांनी संसार मांडला. तिला इंग्रजी येत नव्हती, त्यांना जपानी जेमतेम येई. तेव्हा त्यांनी घरापुरती एक भाषा तयार केली. जपानी शब्दच, पण व्याकरणाचे प्रत्यय गाळलेले आणि क्रियापदे मोडकी. घरात तिला थट्टेने 'हर्न साहेबांची भाषा' म्हणत. याच मोडक्या भाषेत रात्री दिवा मंद करून सेत्सु त्यांना जुन्या भुताखेतांच्या, दंतकथांच्या गोष्टी सांगे. पुस्तक वाचून दाखवू नकोस, तुझ्या शब्दांत सांग, असा त्यांचा आग्रह असे. त्या गोष्टी त्यांनी इंग्रजीत लिहिल्या. 'क्वाइदान' हे त्यांचे पुस्तक १९०४ साली निघाले आणि ते पुढे जपानी भाषेत जाऊन जपानी मुलांच्याही वाचनात आले. एका शिक्षकाच्या रात्रीच्या रिकाम्या तासांतून ते जन्मले आहे, हे लक्षात घ्या.

१८९६ मध्ये हर्न यांनी जपानचे नागरिकत्व घेतले, बायकोच्या घराण्याचे नाव लावले आणि ते कोइझुमी याकुमो झाले. त्याच वर्षी तोक्योच्या विद्यापीठात त्यांना इंग्रजी साहित्य शिकवण्याचे काम मिळाले. १९०३ मध्ये विद्यापीठाने त्यांना कमी केले. विद्यार्थ्यांनी विरोध केला, पण निर्णय बदलला नाही. त्यांच्या जागी आलेल्यांत नात्सुमे सोसेकी होते, जे पुढे जपानचे थोर कादंबरीकार म्हणून गाजले. पुढच्याच वर्षी हर्न वारले. पण मात्सुएने त्यांना सोडले नाही. तिथे ते जेमतेम सव्वा वर्ष राहिले होते, तरी त्यांचे घर आजही जपून ठेवले आहे आणि शेजारी त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे. नोकरी गेली, पण गाव राहिले. हा फरक आपण मनात धरून पुढे जाऊ.

आता आजच्या काळाकडे येतो. १९८७ साली जपान सरकारने परदेशी पदवीधरांना शाळांमध्ये साहाय्यक भाषाशिक्षक म्हणून आणण्याची 'जेट' ही योजना सुरू केली. पहिल्या वर्षी चार देशांतून ८४८ जण आले. आज दर वर्षी पाच हजारांहून अधिक लोक या योजनेत काम करत असतात. मला विशेष वाटते ते हे की, तिथे पदवी कोणत्याही विषयाची चालते. 'बी.ए. करून काय होणार?' हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी घरात ऐकले असेल, म्हणून मुद्दाम सांगितले. नेमणूक एका वर्षाची असते आणि ती जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत वाढते. २०२४ पर्यंत पहिल्या वर्षाचे वेतन ३३ लाख ६० हजार येन होते, २०२५ मध्ये ते वाढवण्यात आले. याशिवाय खासगी शिकवणी-संस्था आणि शाळांना माणसे पुरवणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांचे पगार आणि अटी निरनिराळ्या असतात. २०२० पासून जपानच्या प्राथमिक शाळेत पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला आहे, त्यामुळे लहान गावांतही अशा शिक्षकांची गरज असते.

नवा शिक्षक ऐन उन्हाळ्यात, जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये, पोहोचतो. तोक्योत दोन-तीन दिवसांचे प्रशिक्षण होते आणि मग तो आपल्या नेमणुकीच्या गावी जातो. गाव कधी डोंगरात, कधी एखाद्या बेटावर. पुष्कळदा तिथे तोच एकटा परदेशी असतो.

पहिले काम कागदपत्रांचे. पत्ता मिळाल्यापासून चौदा दिवसांत नगरपालिकेत नोंद करावी लागते. मग बँकेत खाते. इथे माझ्यातला कारकून जागा होतो! आपल्याकडे सही जुळली नाही म्हणून आम्ही धनादेश परत पाठवतो. तिथे परंपरेने सहीच्या जागी नावाचा छोटा शिक्का उमटवतात. परदेशी शिक्षकही आपले नाव जपानी अक्षरांत कोरून घेऊन तसा शिक्का करवतो. २०२० नंतर सरकारने बऱ्याच कामांतून शिक्क्याची सक्ती काढून टाकली, तरी तो पूर्णपणे गेलेला नाही.

मग बिऱ्हाड. भाड्याने घर घेताना अनामत रक्कम द्यावी लागते. शिवाय अनेक ठिकाणी घरमालकाला 'आभाराचे पैसे' म्हणून एक रक्कम देतात, जी कधीच परत मिळत नाही. जामीन राहणारा माणूस किंवा तशी हमी देणारी कंपनी लागते. नव्या माणसाला गावात जामीन कोण राहणार? म्हणून सुरुवातीला शाळा किंवा कंपनी घर मिळवून देते. ती सोय मोठी आहे, पण त्यात एक धोका आहे, तो मी पुढे सांगेन.

घरात शिरताना चपला दारातल्या खालच्या पायरीवर काढायच्या, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. पण शाळेतही बाहेरचे बूट काढून आतले वेगळे बूट घालायचे असतात. कचऱ्याचे मात्र शिक्षण घ्यावे लागते. जळणारा कचरा एका दिवशी, प्लास्टिक दुसऱ्या दिवशी, बाटल्या-डबे तिसऱ्या दिवशी. प्रत्येक नगरपालिकेचे नियम वेगळे. चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी तशीच राहते आणि ती कोणाची, हे सगळ्या आळीला कळते. नव्या शिक्षकाची शेजाऱ्यांशी पहिली ओळख अनेकदा या पिशवीवरूनच होते. एखादी आजीबाई येते, पिशवी उघडून काय कुठे ते हातवाऱ्यांनी दाखवते. जो या प्रसंगी रागावतो, त्याची शेजारातली पहिली ओळख तिथेच मिटते. जो हसून शिकून घेतो, त्याला पुढच्या आठवड्यात त्या आजीकडून तिच्या परसातली भाजी मिळते.

शाळेत त्याचे काम जपानी इंग्रजी शिक्षकाच्या जोडीने असते. कधी कधी त्याला फक्त धडा मोठ्याने वाचायला सांगतात, मुले मागून म्हणतात. या शिक्षकांत एक कडवट विनोद रूढ आहे की, आम्ही म्हणजे जिवंत टेपरेकॉर्डर. सुट्टीत वर्ग नसतात, तरी शिक्षकांच्या खोलीत टेबलाशी बसून राहावे लागते. सन्मान भरपूर, पण काम हातात नाही, अशी ती अवस्था. त्यात 'जेट'च्या शिक्षकाचे तास आठवड्याला साधारण पस्तीस. साडेचारला तो मोकळा. त्याचे जपानी सहकारी मात्र रात्रीपर्यंत शाळेत असतात. म्हणजे ज्यांच्याशी मैत्री व्हावी, ते कामात आणि हा एकटा घरी!

इथेच दोन वाटा फुटतात. एक वाट मोठ्या शहराकडे जाते. शनिवार-रविवार आगगाडीने जायचे, आपल्यासारखे परदेशी गाठायचे, आपल्या भाषेत बोलायचे, जपानी लोकांना चार नावे ठेवायची आणि रविवारी रात्री परत यायचे. यात पाप काही नाही. परदेशात आपला माणूस भेटला की जीव भांड्यात पडतो. पण ज्याची सगळी करमणूक गावाबाहेर, त्याच्यासाठी गाव म्हणजे फक्त नोकरीचे ठिकाण उरते. पहिले चार महिने नवलाईत जातात. मग थंडी पडते, दिवस लहान होतो, जुन्या घरांत भिंतीतून गारवा येतो आणि तोच एकांत खायला उठतो.

दुसरी वाट शाळेतूनच निघते. जपानी शाळांत वर्ग सुटल्यावर छंदमंडळे चालतात. कोणी ज्युडो, कोणी बांबूच्या तलवारीची केंदो, कोणी सुलेखन, कोणी चहाचा विधी, कोणी वाद्यवृंद. शिक्षकाला तिथे जाण्याची सक्ती नसते. पण जो जातो, तो तिथे सगळ्यांत कच्चा विद्यार्थी असतो. सकाळी जो मुलगा त्याच्यापुढे इंग्रजी वाक्य बोलताना थरथरत होता, तोच संध्याकाळी त्याला तलवार कशी धरायची ते दाखवतो. सकाळचा गुरू संध्याकाळी चेला होतो आणि नाते बदलते. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा वर्गात तोंड उघडतो, कारण समोरचा माणूसही चुकतो, हसतो आणि पुन्हा करून पाहतो, हे त्याने पाहिलेले असते.

तसेच दुपारचे जेवण. अनेक शाळांत मुले वर्गातच जेवतात, आपणच वाढतात. नंतर सगळी मुले झाडू-फडके घेऊन शाळा स्वच्छ करतात. त्या वेळी शिक्षकांच्या खोलीत बसून राहायचे की फडके हातात घ्यायचे, हे शिक्षकाने ठरवायचे असते. मित्रहो, झाडू कोणी हातात धरायचा याचा फार कटू इतिहास आपल्या देशात आहे, तो मी आपणास सांगायला नको. म्हणून मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते की, तिथे सगळ्या घरांतली सगळी मुले मिळून ते काम करतात आणि ज्याने त्यांच्याबरोबर फरशी पुसली, तो शिक्षक त्यांचा होतो.

आता एक अवघड गोष्ट बोलतो. परदेशी म्हणून मिळणारा मान हा पाहुण्याचा मान असतो. पाहुण्याला चांगले ताट मिळते, पण घरच्या गोष्टीत त्याचे मत विचारत नाहीत. शिवाय सगळे परदेशी सारखे मानले जात नाहीत. 'इंग्रजी मातृभाषा असलेलाच हवा' अशा जाहिराती असतात आणि त्या शब्दांआड कधी कधी कातडीचा रंग लपलेला असतो. घर भाड्याने मागताना 'परदेशी नको' असे ऐकावे लागते. जागा मागताना नाव-गाव विचारून दार लावून घेणे आपल्या लोकांना नवे नाही. त्यामुळे आपली मुले या बाबतीत भोळी राहणार नाहीत, असा मला विश्वास आहे.

नियमाचीही एक अडचण आहे. परदेशी भाषा शिकवण्यासाठी जपानचा जो 'शिक्षक' वर्गाचा निवास-परवाना आहे, त्याच्या नियमांत बारा वर्षांचे शिक्षण त्याच भाषेतून झालेले असावे, अशी अट आहे. म्हणजे नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकून पुढे उत्तम इंग्रजी कमावलेल्या मुलाला ही वाट सहज मोकळी नाही. हे आधीच कळलेले बरे. कोणी दलाल 'सगळे जमवतो' म्हणून लाखभर रुपये मागू लागला, तर त्याला पैसे देण्यापूर्वी जपानच्या वकिलातीकडून त्या वर्षीचे नियम मागवून वाचा. मराठी माध्यमाच्या मुलांनी मात्र निराश होऊ नये. त्यांच्यासाठी जपानी भाषेची वाट आहे. जपानी भाषेच्या परीक्षेच्या पाच पायऱ्या आहेत आणि ती परीक्षा पुण्या-मुंबईतही होते. तिला माध्यमाची अट नाही. महाराष्ट्रातून जपानला गेलेले योगेंद्र पुराणिक हे २०१९ मध्ये तोक्योतल्या एदोगावा विभागाच्या सभेवर निवडून आले आणि २०२३ मध्ये इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक झाले. ते इंग्रजीचे शिक्षक म्हणून गेले नव्हते. पण त्या समाजाच्या भाषेत बोलणारा माणूस शिक्षकांच्या खोलीत कोणत्या खुर्चीपर्यंत पोहोचू शकतो, हे त्यावरून दिसते.

मघाशी मी एका धोक्याचा उल्लेख केला होता. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये जपानमधली 'नोव्हा' ही इंग्रजी शिकवणाऱ्या शाळांची सर्वांत मोठी साखळी बुडाली. तिच्याकडे सुमारे चार हजार परदेशी शिक्षक होते. पगार थकले होते. अनेकांची घरे कंपनीनेच घेऊन दिलेली, भाडे पगारातून कापले जाई. कंपनीने पुढे भाडे भरलेच नाही म्हणून काहींना घर सोडण्याची नोटीस आली. म्हणजे नोकरी आणि छप्पर एकाच वेळी गेले. त्या वेळी तरले कोण? ज्यांची गावात ओळख होती ते. काही शिक्षकांना त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी शिकवणीच्या बदल्यात जेवण दिले. मी बँकेतला माणूस म्हणून सांगतो, सगळी ठेव एकाच ठिकाणी ठेवू नये. नोकरी, घर, मित्र आणि भाषा ही चारही एकाच मालकाच्या हातात देऊ नका. तीन महिन्यांचा खर्च निघेल एवढी रक्कम स्वतःच्या खात्यात कायम ठेवा. तिथे पगारातून निवृत्तिवेतनाची वर्गणी कापतात. जो सहा महिने किंवा अधिक वर्गणी भरून देश सोडतो, त्याला दोन वर्षांच्या आत अर्ज केल्यास त्यातली काही रक्कम एकदम परत मिळते. हा अर्ज करायला विसरू नये, तो आपल्या घामाचा पैसा आहे.

शेवटी एका मुलीविषयी सांगतो. टेलर अँडरसन ही अमेरिकेतली. २००८ मध्ये ती 'जेट' योजनेतून ईशान्य जपानमधल्या इशिनोमाकी या समुद्रकाठच्या शहरात शिक्षिका म्हणून आली आणि प्राथमिक व माध्यमिक शाळांत शिकवू लागली. ११ मार्च २०११ रोजी मोठा भूकंप झाला. शाळेतली मुले पालकांच्या हाती सुखरूप गेल्यावर ती सायकलने घरी निघाली आणि त्सुनामीच्या लाटेत सापडली. वय चोवीस. त्याच दिवशी रिकुझेनताकाता गावात माँटगोमेरी डिक्सन हा सव्वीस वर्षांचा अमेरिकन शिक्षकही गेला.

टेलरच्या आईवडिलांनी मुलीच्या नावाने निधी उभारला आणि इशिनोमाकीतल्या शाळांना पुस्तके द्यायला सुरुवात केली. टेलरला वाचनाची आवड होती, म्हणून तिच्या नावाचे वाचनकोपरे शाळांमध्ये उभे राहिले. त्या पुस्तकांची लाकडी कपाटे गावातल्याच एका सुताराने बनवली. त्या त्सुनामीत त्याची तीन मुले गेली होती आणि टेलरने त्या मुलांना शिकवले होते. एका परदेशी शिक्षिकेच्या नावाची कपाटे एक बाप स्वतःच्या हातांनी घडवतो, हे पगाराच्या पावतीवर कुठे लिहिलेले नसते. ती अडीच-तीन वर्षे तिथे राहिली. पण त्या गावाने तिला पाहुणी मानले नाही, आपली मानले.

विद्यार्थी मित्रहो, उपरेपणा म्हणजे काय, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी स्वतःच्याच गावात भोगले आहे. त्यामुळे परक्या गावात जाण्याची भीती आपल्याला वाटण्याचे कारण नाही. मात्र तिथे जाऊन आपणच आपल्याभोवती कुंपण घालून बसलो, तर त्या जाण्याला अर्थ राहणार नाही. म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. जाण्यापूर्वी त्या देशाची भाषा निदान दुकानदाराशी बोलण्याइतकी शिका. गेल्यावर पहिल्या महिन्यातच असा एक छंदवर्ग किंवा मंडळ शोधा, जिथे तुम्ही शिक्षक नसून विद्यार्थी असाल. आणि आठवड्यातली निदान एक संध्याकाळ गावातल्या माणसांसाठी राखून ठेवा, मग ती सणाची पालखी खांद्यावर घेण्यात जावो की शेजारच्या आजीबरोबर भाजी निवडण्यात.

जे जाणार नाहीत, त्यांच्यासाठीही एक काम आहे. आपल्या शहरातही दूरच्या राज्यांतून शिक्षक येतात, परदेशी विद्यार्थी येतात. त्यांना आपण घर भाड्याने देतो का? सणाला बोलावतो का? त्यांची संध्याकाळ कशी जाते, हे कधी विचारतो का? आपल्या संस्थेच्या वाचनालयात त्यांच्यासाठी एक खुर्ची ठेवता आली, तर मला वाटते, आजच्या या मेळाव्याचे सार्थक होईल. कार्यकारिणीने या सूचनेचा जरूर विचार करावा, अशी माझी नम्र विनंती आहे.